चित्रकथा आणि आमचे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्याच एखाद्या सभासदेने चार शब्द बोलावेत, ही आपली जुनी रीत आहे. आजवर या जागेवरून आहाराविषयी, संतसाहित्याविषयी, मुलींच्या शिक्षणाविषयी उत्तम भाषणे झाली आहेत. माझा विषय ऐकून मात्र चिटणीसबाईंनी दोनदा विचारले, "काय म्हणालात? कॉमिक्स?" मी म्हटले, "होय, कॉमिक्स. चित्रकथा." त्यांनी ते कागदावर लिहून घेतले खरे, पण लिहिताना त्या जराशा हसल्या, हे मी पाहिले. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते. आपल्या एका दिवंगत सभासदेच्या मुलांनी घर आवरताना मंडळाच्या वाचनालयाला पुस्तकांची एक ट्रंक दिली, हे आपल्याला ठाऊक आहे. वरच्या कादंबऱ्या आणि पाककृतींची पुस्तके आपण कपाटात लावली. तळाशी मुलांची जुनी कॉमिक्स निघाली. पन्नाससाठ तरी असतील. काहींची मुखपृष्ठे गेलेली, काहींची पाने सुटलेली. गेल्या महिन्याच्या सभेत सूचना आली की कपाटात जागा नाही, तेव्हा ही रद्दीत द्यावीत. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत," असे म्हटल्यावर हात वर झाले. त्यात माझाही हात होता.

घरी गेल्यावर मात्र मला झोप लागेना. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरी अशीच कॉमिक्स कोणालाही न विचारता निकालात काढली गेली होती, आणि त्यांत कोणाचे काय गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. तेवढी हकिकत आपल्याला सांगावी आणि मग त्या ट्रंकेचे काय करावयाचे ते आपणच ठरवावे, एवढ्यासाठी मी आज उभी आहे.

माझे बालपण मिरजेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मालगाडीवर गार्ड होते. 1971 साली मिरजेला ब्रॉडगेज आली. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या स्टेशनात तीन मापांच्या रुळांवरून गाड्या येत: पुण्या-कोल्हापूरची रुंद, बेळगावकडची मधली आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची अगदी अरुंद. आम्हा मुलांना या तिन्ही गाड्यांचे महत्त्व एकाच गोष्टीसाठी वाटे. अण्णा कोणत्या गाडीने परत येणार आणि त्यांच्या पेटीत काय असणार? गार्डची ती काळी पेटी! तीत हिरवे-तांबडे बावटे, कंदील, धुक्यात रुळावर लावायचे फटाके, जेवणाचा डबा. आणि क्वचित कधी, डब्याखाली, सुरळी होऊ नये म्हणून सपाट ठेवलेले एखादे कॉमिक.

आजच्या मुलींना त्या पुस्तकांची थोडी माहिती द्यावयास हवी. घरोघरी पहिला मान 'चांदोबा'चा. मद्रासला नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 साली तेलुगू आणि तमिळमधून 'चंदामामा' काढला. मराठीत तो 1952 पासून 'चांदोबा' या नावाने येऊ लागला. त्यात गोष्टीच अधिक. चित्रे गोष्टीला शोभा आणणारी. चौकटी-चौकटींतून चित्रांनीच गोष्ट सांगणारी पुस्तके नंतरची. टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने मार्च 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केली. आधी ती महिन्याला, मग पंधरवड्याला आणि शेवटी शेवटी दर आठवड्याला निघत. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली निर्माण केलेला मुखवटेधारी वीर त्यांतून मराठीत आला आणि 'वेताळ' झाला. त्याच संस्थेत इंद्रजालचे काम पाहिलेले अनंत पै यांनी पुढे 1967 साली इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' ही माला काढली. या मालेची पहिली दहा पुस्तके परदेशी परीकथांची होती, आणि तीही कानडीतून! अकरावे पुस्तक 'कृष्ण'. ते राम वाईरकरांनी चितारले आणि तेथून मालेची खरी वाट सुरू झाली. बत्तीस पानांत एक गोष्ट. सावित्री, मीराबाई, झाशीची राणी, शिवाजी महाराज. ज्या गोष्टी आपण आजीच्या मांडीवर ऐकल्या, त्या आता रंगीत होऊन समोर आल्या.

विकत घेतलेले कॉमिक आमच्या घरात दोन महिन्यांतून एखादे येई. बाकीची क्वार्टरच्या रांगेत फिरत, आणि तीही अपुरी पडली तर बाजारातल्या एका दुकानातून दिवसाला दहा पैसे देऊन आणावी लागत. दहा पैशांत एक दिवस, आणि वाचणारे आम्ही तिघे: थोरला दादा, मी आणि धाकटा बाळू. एकामागून एक वाचायचे म्हटले तर शेवटच्याला अंधारच! म्हणून तिघेही जमिनीवर पालथे पडून एकदम वाचत असू. यात भांडण ठरलेले. दादाचे वाचून होई, तो पान उलटी. माझी शेवटची चौकट राही. बाळूला तर अजून जोडाक्षरे लागत नव्हती, तो पहिल्याच चौकटीत असे. ओढाओढीत एकदा एका पुस्तकाचे मधले पान दुभंगले.

तेव्हा आईने नियम घालून दिला. पुस्तक मधल्याच्या हाती राहील, आणि पान उलटण्यापूर्वी त्याने "झालं?" असे विचारलेच पाहिजे. सर्वांत सावकाश वाचणारा जेव्हा "झालं" म्हणेल तेव्हाच पान उलटायचे. दादाला हा मोठा अन्याय वाटला. पण थांबावे लागले की त्याला नुसती चित्रे पाहत बसावे लागे, आणि मग वाचताना न दिसलेल्या गोष्टी त्याला दिसू लागल्या. मागच्या झाडावरचे माकड, राजाच्या मागे उभ्या असलेल्या शिपायाची मुद्रा. पुढे तोच म्हणू लागला, "बाळू, घाई करू नकोस."

आई त्या वेळी स्वयंपाकघरात असे. तिला पुस्तक पाहावयाला सवड नव्हती. म्हणून एकाने मोठ्याने वाचावयाचे आणि तिने पोळ्या लाटता लाटता ऐकावयाचे, असे ठरून गेले. पण चित्रकथा नुसती वाचून कळत नाही. "कोण बोललं हे?" "आता ते कुठं आहेत?" "तिनं कुठल्या रंगाचं नेसलंय?" असे आईचे प्रश्न येत. मग चित्र शब्दांत सांगावे लागे. पुढे मी शाळेत शिक्षिका झाले आणि वर्गात गोष्ट सांगावयास उभी राहिले, तेव्हा ध्यानात आले की हे शिक्षण मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच मिळाले होते. आई स्वतः पुस्तक हाती घेई ती रात्री सर्व आवरल्यावर, उद्या सकाळी ते परत द्यायचे असताना. घरात जेवणाप्रमाणे वाचनातही तिचा नंबर शेवटचा असे. याचे आम्हाला तेव्हा काहीच वाटले नाही; आता वाटते.

आता आजीकडे येते. आजी म्हणजे अण्णांची आई. नाव राधाबाई. ती लहानपणी शाळेत गेली नव्हती. तिच्या काळी तिच्या खेड्यात मुलींना पाठवीत नसत. पण कीर्तने ऐकून ऐकून तिला रामायण-महाभारत, संतांच्या कथा, हरिपाठ, सर्व काही मुखोद्गत होते. आम्ही पालथे पडलो की ती खाटेवर बसून वरून पाही. आम्ही अक्षरे वाचत असू. ती चित्रे वाची. आणि खरे सांगते, चित्रे तिला आमच्याहून चांगली वाचता येत. "हा आता दगा देणार बघा," असे ती दोन चौकटी आधी सांगे. कशावरून? तर म्हणे, "त्याच्या भुवया बघ की."

वेताळ पहिल्यांदा घरात आला तेव्हा तर मोठी मौज झाली. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, गावाबाहेर त्याचे ठाणे, अमावास्येला त्याची पालखी निघते. एवढे आजीला पक्के ठाऊक. तिने ते चित्र निरखून पाहिले आणि म्हणाली, "हा कसला वेताळ? ह्याचे पाय सरळ आहेत." दादाने समजावून सांगितले की हा भूत नसून माणूसच आहे. पिढ्यान् पिढ्या बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोक त्याला अमर समजतात. आजीला हे लगेच पटले. "म्हणजे गुरवासारखं," ती म्हणाली. "बापामागून मुलगा. देव तोच."

त्या वेताळाची वाग्दत्त वधू डायना. ती संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करी. आजीला तिची फार काळजी. "एवढी शिकलेली मुलगी, आणि किती वर्षं ताटकळत ठेवायची तिला?" असे ती दर नव्या पुस्तकाला म्हणे. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ते लग्न अखेर 1977 साली लागले. त्याची गोष्ट पुढे आमच्यापर्यंत येऊन पोहोचली, त्या दिवशी आजीने शिरा केला. लिहिणाऱ्या फॉकसाहेबांना मिरजेच्या या शिऱ्याची वार्ता असती तर खचित आनंद वाटला असता.

आता मुख्य गोष्ट. मी पाचवीत होते. एके दुपारी आजी माझ्याजवळ पुस्तक घेऊन आली आणि एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिहिलंय गं, एवढं मोठं?" वेताळाने एका गुंडाला ठोसा मारला होता आणि वर अर्धी चौकट व्यापून तांबड्या अक्षरांत लिहिले होते: 'धाड!' मी सांगितले. "म्हणजे हा धा, आणि हा ड?" तिने विचारले. मी हो म्हटले आणि खेळायला पळाले. संध्याकाळी पाहते तर तिने चार पुस्तकांतले सगळे 'धा' शोधून काढले होते.

लक्षात घ्या, अंकलिपीतली बारीक अक्षरे तिच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नव्हती. कॉमिकमधल्या मारामारीची अक्षरे मात्र बोटाएवढी! आणि अर्थ सांगायला चित्र समोर हजर. दोन दिवसांनी तिने मला कोपऱ्यात घेतले. "माझ्या नावात धा आहे ना? रा-धा?" मी म्हटले, "आहे की." तिचा चेहरा मला अजून दिसतो. साठ वर्षांच्या आयुष्यात आपल्या नावातले एक अक्षर आपल्याला ओळखता येते, हे तिला त्या दिवशी कळले. मग आमचा दोघींचा गुप्त कारभार सुरू झाला. 'अरे!' मधून र मिळाला. 'बाप रे!' मधला बा घ्यायचा, 'आई गं!' मधली ई घ्यायची, की राधाबाई पुरी झाली. "कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "म्हातारपणी हे काय, म्हणून हसतील."

हे चालू असतानाच 1974 च्या सहामाहीत मला गणितात शंभरापैकी चौतीस गुण मिळाले. अण्णा ड्यूटीवरून रात्रभर जागून आले होते. त्यांनी माझे दप्तर उपडे केले. भूगोलाच्या पुस्तकाच्या आत कॉमिक निघाले. दुसरा शब्द न बोलता त्यांनी कोनाड्यातली सगळी कॉमिक्स उचलली आणि मागच्या दारी पेटलेल्या बंबात घातली. सात पुस्तके होती. त्यांतले एक, 'मीराबाई', दुकानातून आणलेले; त्याची भरपाई पुढे आईने फडताळातल्या डब्यातून काढून दिली.

अण्णांची बाजूही सांगितली पाहिजे. ते दुष्ट नव्हते. चित्रकथांनी मुले बिघडतात, भाषा बिघडते, अभ्यास बुडतो, अशी भीती त्या काळी पुष्कळ शहाण्या लोकांना वाटत असे, आणि ती आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेत 1954 साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. त्यावर तेथील सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली, आणि कित्येक गावांत तर कॉमिक्सच्या होळ्याही पेटल्या होत्या. त्या वर्थमसाहेबांनी मुलांच्या जबान्यांत आपल्या मतास सोयीचे फेरफार केले होते, हे त्यांच्याच कागदपत्रांवरून कॅरल टिली या संशोधक बाईंनी 2012 साली दाखवून दिले. मिरजेच्या एका गार्डाला हे कोठून कळणार? त्यांना एवढेच दिसत होते की मुलगी गणितात नापास झाली आहे.

आम्ही तिघे भिंतीला लागून उभे होतो. कोणी रडले नाही. बंबातून काळे पापुद्रे उडत होते. तेवढ्यात आजी आतून आली. तिने बंबाकडे पाहिले, मग अण्णांकडे, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "अरे, त्यात माझंही पुस्तक होतं."

"तुझं?" अण्णा म्हणाले. "तुला काय करायचंय त्याचं?"

"धा झाला होता माझा. र झाला होता. बा चालला होता."

अण्णांना काहीच कळेना. तेव्हा मला सगळे सांगावे लागले. सांगून झाल्यावर अण्णा कितीतरी वेळ तसेच उभे होते. आपली आई वाचायला शिकते आहे, आणि घरात आपल्याखेरीज एका पाचवीतल्या मुलीलाच ते ठाऊक आहे, हे त्यांना त्या क्षणी कळत होते. ते काही बोलले नाहीत. अंघोळ न करताच आत जाऊन पडले. त्या दिवशी बंबातल्या पाण्याने घरात कोणीच अंघोळ केली नाही.

दोन दिवसांनी पुण्याच्या फेरीवरून ते परत आले. पेटी उघडली. डब्याखाली दोन पुस्तके होती: एक वेताळाचे आणि एक कोरे 'मीराबाई'. ती त्यांनी माझ्या हातात दिली नाहीत. आजीच्या पुढ्यात ठेवली. "आई, हे तुझं," एवढेच म्हणाले. क्षमा मागण्याची त्या पिढीतल्या पुरुषांची ही रीत होती. मग बाळूची पाटी घेतली, खाटेच्या कडेला बसले आणि खडूने भला मोठा बा काढला. त्या संध्याकाळी पुस्तक अण्णांच्या हाती होते, आजी शेजारी, आम्ही तिघे खाली. पान संपले, तेव्हा अण्णांनी आजीला विचारले, "झालं?" ती म्हणाली, "थांब रे जरा." आणि अण्णा थांबले. मला गणित शिकवायलाही ते त्यानंतर रोज अर्धा तास बसू लागले, हेही सांगावयास हवे. वार्षिक परीक्षेत मी बासष्टांवर गेले.

आमचे काका मुंबईहून आजीच्या नावे दरमहा मनीऑर्डर पाठवीत. पोस्टमन आला की तो आपली शाईची गादी काढी आणि आजी अंगठा पुढे करी. पुढच्या वर्षी, श्रावणात, त्याने गादी काढली तेव्हा आजी म्हणाली, "ते राहू द्या. टाक द्या इकडे." पोस्टमनने पेन दिले. आजीने दाराच्या उंबऱ्यावर बसून, चांगली पाच मिनिटे घेऊन, जाड जाड अक्षरांत नाव लिहिले: 'राधाबाई!'

भगिनींनो, पुढे उद्गारचिन्ह! तिने पाहिलेल्या प्रत्येक मोठ्या शब्दापुढे ती उभी रेघ आणि तिच्याखाली टिंब होते. तेव्हा शब्द लिहिला की त्याशिवाय तो पुरा होत नाही, अशी तिची समजूत. पोस्टमन हसला, म्हणाला, "आजी, हे कशाला?" दादा काही सांगणार, तोच अण्णांनी त्याला खुणेने गप्प केले आणि पोस्टमनला म्हणाले, "सही आहे तिची. जशी आहे तशी घ्या." पुढे पोस्टात तिचे बचत खाते उघडले, तेव्हा नमुन्याच्या सहीतही ते चिन्ह गेले, आणि सही जुळावी म्हणून शेवटपर्यंत तसेच राहिले.

आजी पुढे सावकाश का होईना, पण वाचू लागली. वाचू लागली आणि वादही घालू लागली. "ह्या बाईच्या पायात जोडवी नाहीत, काढणाऱ्याचं लक्ष कुठं होतं?" असे छोटे वाद. आणि एक मोठा. तिने एकदा विचारले, "सगळे राक्षस काळे आणि सगळ्या राण्या गोऱ्या, असं का? विठोबा तर काळाच आहे." आम्हाला उत्तर देता आले नाही. या चित्रकथांवर पुढे विद्वानांनी हीच टीका केली: रंगाचा हा भेद, स्त्रीच्या त्यागाचेच वाजवीपेक्षा अधिक कौतुक, वेताळाच्या गोष्टींत आफ्रिकेच्या अरण्यातल्या लोकांचे रक्षण करावयास गोरा माणूसच लागतो, ही रचना. ही टीका खरी आहे, आणि मी ती लपवू इच्छीत नाही. पण माझ्या घरात ती करणारी पहिली व्यक्ती माझी आजी होती, आणि ती तिला सुचली ती पुस्तक आम्हा मुलांबरोबर वाचीत असताना. पुस्तकात दोष असतात. पुस्तक चारजणांत वाचले की त्यांतला कोणीतरी ते बोलून दाखवतो. एकट्याने वाचणाऱ्या मुलाला ते कोण सांगणार?

त्यानंतर काळ बदलला. 1976 साली आबिद सुरतींचा 'बहादुर' आला. त्याच्या जोडीची बेला स्वतः दोन हात करणारी, म्हणून आम्हा मुलींना तिचा मोठा अभिमान. नोव्हेंबर 1980 मध्ये 'टिंकल' सुरू झाले; पण तोवर मी कॉलेजात होते आणि ते बाळूनेही लपूनछपून वाचले. इंद्रजाल कॉमिक्स 1990 साली बंद पडली. 'चांदोबा'ही पुढे थांबला. अनंत पै 2011 साली गेले. 'अमर चित्र कथा' आणि 'टिंकल' मात्र आजही निघतात. माझी नातवंडे ती मोबाईलवरही पाहतात. मोबाईलला मी नावे ठेवणार नाही. त्यात अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, माझ्या आजीला ते सोन्यासारखे वाटले असते. पण त्या एवढ्याशा काचेवर तिघांची डोकी एकत्र येत नाहीत आणि "झालं?" असे कोणी कोणाला विचारत नाही, एवढे मात्र मला दिसते.

आजी 1981 साली गेली. तिच्या पेटीत दोन लुगडी, जपाची माळ, पोस्टाचे पुस्तक आणि खाकी कागदाचे वेष्टण घातलेले 'मीराबाई' निघाले. पहिल्या पानावर सही होती. उद्गारचिन्हासकट. ते पुस्तक मी आज बरोबर आणले आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे.

आता ट्रंकेकडे. रद्दीवाला अजून आलेला नाही, ही पावसाची कृपा. मी कार्यकारिणीला विनंती करते की मागच्या सभेतला माझा वर केलेला हात परत घेण्याची मला परवानगी द्यावी, आणि ठरावाचा पुन्हा विचार व्हावा. जागेचा प्रश्न खरा आहे. पण ती ट्रंक कपाटात मावत नसेल तर माझ्या घरी राहील. सुटलेली पाने लावायचे काम मी करीन. अण्णा मैद्याची खळ करून तीत चिमूटभर मोरचूद घालीत, म्हणजे कसर लागत नाही. दहा-दहा पुस्तके दाभणाने शिवून त्यांचा एक खंड करीत. ते मला येते.

दर रविवारी चार ते पाच ती ट्रंक या सभागृहात उघडावी, एक सतरंजी अंथरावी. मुलांना एकटे पाठवू नये. बरोबर आई, आजी, आत्या, जी कोणी मोकळी असेल ती यावी. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावश्यांपैकी ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही बोलवावे. शिकवायला बोलावले आहे असे मात्र सांगू नये. नुसते चित्रे पाहायला या म्हणावे. नियम एकच. पुस्तक ज्याच्या हाती असेल त्याने पान उलटण्यापूर्वी विचारले पाहिजे, आणि जी सर्वांत सावकाश वाचते ती "झालं" म्हणेपर्यंत इतरांनी थांबले पाहिजे.

रद्दीवाला त्या ट्रंकेचे किलोमागे काही रुपये देईल. ते घेण्यापूर्वी तीत कोणाचा 'धा' आहे का, एवढे आपण एकदा पाहावे, इतकीच माझी विनंती आहे.